लस द्यायला नेताना बाळाच्या विकासाची तपासणी कशी करून घ्यावी

दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिने आणि नंतर सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधला बूस्टर. पेडण्यापासून काणकोणापर्यंत गोव्यातली मुलं या तारखांना आरोग्य केंद्राची पायरी चढतात. वजन होतं, लस दिली जाते, ताप आला तर काय करायचं ते सिस्टर सांगतात आणि आई रडणारं मूल सावरत बाहेर पडते. मूल हाक मारली की वळतं का, बोट दाखवून काही मागतं का, हे त्या गर्दीत विचारायचं राहून जातं. सिस्टरना वेळ नसतो आणि आईला वाटतं, काही असतं तर त्यांनीच सांगितलं असतं. म्हणून ही तपासणी आपणच मागून घ्यायची. ती सरकारी केंद्रात फुकट होते आणि तिला सुई लागत नाही. थोडे प्रश्न आणि थोडे खेळ, एवढंच तिचं स्वरूप असतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. या तपासणीत कुठल्याही मुलाला आजाराचं नाव चिकटवत नाहीत. कोणत्या मुलाकडे अधिक बारकाईने बघायला हवं, तेवढंच तिच्यातून कळतं.

पहिली पायरी: दिवस ठरवा

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की मूल दिसेल तेव्हा त्याच्या वाढीची विचारपूस करावीच, पण ठरावीक प्रश्नावली घेऊन पद्धतशीर तपासणी नऊ ते बारा महिन्यांत, पुन्हा अठरा ते चोवीस महिन्यांत आणि शाळेत घालताना करावी. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस असतो, तेव्हा पहिली तपासणी आपोआप जमते. बूस्टर सोळाव्या महिन्यात मिळाला तर तपासणीसाठी लस लांबवू नका. लस घ्या आणि अठराव्या महिन्यात तपासणीसाठी वेगळे जा.

लसीकरणाच्या दिवशी जाणार असाल तर तपासणी लस देण्याआधी करा. सुई लागल्यावर कुठलंच मूल ठोकळ्यावर ठोकळा ठेवत नाही. भुकेलं, झोपेला आलेलं, सर्दीने बेजार मूलही धड काही करून दाखवत नाही. गर्दी फार असेल तर "कमी गर्दीचा दिवस कोणता?" असं सरळ विचारा, सांगतात.

दुसरी पायरी: वय नीट मोजा

मूल दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर जितके आठवडे आधी, तितके वयातून वजा करायचे. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं मूल चाळीस आठवड्यांच्या हिशेबाने दोन महिने आधी आलं. ते आज नऊ महिन्यांचं असेल तर तपासणीसाठी सात महिन्यांचं धरायचं. दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, त्यात वजाबाकी नाही. जन्माच्या वेळचा डिस्चार्ज कागद सोबत ठेवा. बाळ लगेच रडलं का, काचेच्या पेटीत किती दिवस होतं, कावीळ किती वाढली होती, हे त्या कागदावर असतं आणि डॉक्टरांना ते लागतं.

तिसरी पायरी: आठवडाभर घरी लक्ष द्या

परीक्षा घ्यायची नाही, नुसतं बघायचं. चालण्याबद्दल घरात सगळ्यात जास्त काळजी असते. खरं तर तिथे निसर्ग बराच सैल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये निरनिराळ्या देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं होतं, आणि काही मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. तेव्हा शेजारणीची नात अकराव्या महिन्यात चालली म्हणून घाबरू नका. मात्र पुढच्यातलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता दाखवा:

- दोन-तीन महिन्यांत बघून हसत नाही
- चौथा महिना संपला तरी मान सावरत नाही, किंवा मुठी सतत आवळलेल्या असतात
- नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही
- वर्षाचं झालं तरी बा-बा, दा-दा असे आवाज नाहीत, टाटा करणं नाही, बोट दाखवणं नाही
- सोळा महिन्यांत एकही अर्थाचा शब्द नाही
- अठरा महिन्यांत चालत नाही
- दोन वर्षांत "पाणी दे", "आई ये" असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही
- आधी जमत होतं ते कोणत्याही वयात जमेनासं झालं; शब्द होते, ते गेले

शेवटचं सगळ्यात गंभीर. त्यासाठी उद्याची ओपीडी गाठा.

आणखी एक खूण घरात कौतुकाने सांगितली जाते. दहा महिन्यांचं मूल प्रत्येक वस्तू डाव्याच हाताने उचलतं आणि आजी म्हणते, डावखुरा होणार. वर्षाच्या आत मुलं सहसा दोन्ही हात सारखेच वापरतात. इतक्या लवकर एकच हात पुढे येत असेल तर दुसऱ्या हाताला काही अडचण आहे का, हे डॉक्टरांनी बघायला हवं.

बोटांची पकड बघायला दहा-अकरा महिन्यांच्या मुलासमोर ताटलीत दोन चुरमुरे ठेवा. आधीच्या वयात मूल अख्ख्या पंज्याने ते ओढतं. वर्षाच्या आसपास अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत एकेक चुरमुरा उचलतं. तेवढा वेळ समोरून हलू नका, मुलाने तो तोंडात घातला तर लक्ष हवं.

बोट दाखवणं मला चालण्याहून महत्त्वाचं वाटतं. बाल्कनीतून मांजर दिसलं की सव्वा-दीड वर्षाचं मूल तिकडे बोट करतं आणि वळून आपल्याकडे बघतं: तू बघितलंस ना? ते वळून बघणं शोधा. हवं ते मिळवायला आपला हात धरून नेणारं, पण आपल्या डोळ्यांत न बघणारं मूल दाखवून घ्यायलाच हवं.

या सगळ्याचे मोबाईलवर छोटे व्हिडिओ करून ठेवा. अनोळखी खोलीत मूल बुजतं. घरी खेळतानाची, जेवतानाची आणि नावाने हाक मारल्यावरची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत डॉक्टरांना दहा वाक्यांहून जास्त सांगते.

ऐकू येतं का, हे ताट वाजवून ठरवू नका

पितळी ताट वाजवलं, मूल दचकलं, म्हणजे कान ठीक, असं समजून किती महिने वाया जातात! थोडं कमी ऐकू येणारं मूलही ताटाच्या आवाजाने दचकतं. त्याला ऐकू येत नाहीत ते बोलण्यातले बारीक आवाज. दार आपटलं तर जमीन हादरते आणि पाठीमागे टाळी वाजवली तर वाराही लागतो, त्यावर मूल वळू शकतं. घरच्या घरी खात्री होत नाही. बोलण्यात उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची यंत्रावरची श्रवण तपासणी झालीच पाहिजे. ती तान्ह्या बाळाचीही होते, झोपेत होते आणि दुखत नाही. जगभर पाळला जाणारा नियम असा: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी (शंका आहे का, एवढंच बघणारी), तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. जन्मानंतर तुमच्या बाळाची ही तपासणी झाली होती का, डिस्चार्ज कागदावर बघा.

"घरात तीन भाषा, म्हणून बोलत नाही"

गोव्यात हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. आई मराठीत बोलते, आजी कोंकणीत, शेजारी हिंदीत, आणि बालवाडीत इंग्रजी गाणी. मूल गोंधळलं म्हणतात. मूल गोंधळत नाही. जास्त भाषा कानावर पडल्याने बोलण्याचा विकार होत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले एकत्र मोजा: मराठीतलं "दूध", कोंकणीतलं "उदक" आणि इंग्रजीतलं "बॉल" मिळून तीन शब्द झाले. एकत्र मोजूनही कमी भरत असतील तर तो उशीर खरा आहे, भाषांवर ढकलू नका. "घरात फक्त इंग्रजी बोला" असा सल्ला कुणी दिला तरी आपली भाषा सोडू नका. ज्या भाषेत आपल्याला लाड करता येतात आणि रागावता येतं, तीत मुलाशी भरपूर बोलायचं.

घरातली वडीलधारी माणसं "त्याचा बापूसही उशिरा बोललेला" म्हणतात, तेही मायेनेच. वाद घालू नका. "तुम्ही म्हणता तसंच असेल, पण एकदा दाखवून येऊ" म्हणा आणि जमलं तर त्यांना सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की निम्मा विरोध मावळतो. जिभेला वेखंड-मध लावणं मात्र ठामपणे थांबवा. वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊच नये, त्यातून दुर्मीळ पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

चौथी पायरी: केंद्रात काय बोलायचं

"बाळ ठीक आहे ना?" असं विचारलं की "ठीक आहे" असंच उत्तर येतं. त्याऐवजी असं म्हणा: "मूल अठरा महिन्यांचं आहे, अजून एकही शब्द बोलत नाही, हाकेला वळत नाही. त्याच्या विकासाची तपासणी करायची आहे." वय, नेमकी गोष्ट आणि मागणी, या क्रमाने बोला. माता-बाल संरक्षण कार्ड पुढे करा. त्यात वयाप्रमाणे मुलाने काय करायला हवं याची चित्रं आहेत, पण बहुतेक घरांत लसीचं पान सोडून ते उघडलंच जात नाही.

केंद्रात वेगवेगळी साधनं वापरतात. त्रिवेंद्रमच्या बालविकास केंद्राने तयार केलेला तक्ता आपल्याकडे बराच प्रचलित आहे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यात सतरा गोष्टी आहेत. मुलाच्या वयावर उभी पट्टी ठेवतात आणि पट्टीच्या डावीकडे राहिलेली प्रत्येक गोष्ट मुलाला जमायला हवी. पाच-सात मिनिटांचं काम. स्वमग्नतेसाठी (ऑटिझम) सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांकरता वीस प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे, तिची उत्तरं आई-वडील देतात. त्यात शंकेची उत्तरं दोनपर्यंत असली तर धोका कमी, तीन ते सात आली तर आणखी प्रश्न विचारून खात्री करतात, आणि आठ किंवा जास्त आली तर थेट तज्ज्ञांकडे. उत्तर देताना मुलाने एकदा कधीतरी केलं ते "हो" धरू नका. रोज करतं का, ते सांगा.

मूल अंगणवाडीत जात असेल तर आणखी एक वाट आहे. 2013 पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरत्या वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांना तपासायचं असतं, आणि विकासातला उशीर त्यांच्या यादीत आहे. पथक कधी येणार ते अंगणवाडीच्या बाईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. आई समोर नसेल तर पथकाला निम्मीच माहिती मिळते.

पाचवी पायरी: शंका निघाली तर

चिठ्ठी मागून घ्या. चिठ्ठीवर नुसतं "तपासणीसाठी" नको. कोणत्या वयात कोणती गोष्ट जमली नाही, हे लिहिलेलं असू द्या. गोव्यात अंतरं फार नाहीत. उत्तरेत म्हापशाचं आणि दक्षिणेत मडगावचं जिल्हा रुग्णालय, आणि बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, यांपैकी कुठे आणि कोणत्या वारी जायचं ते केंद्रातूनच लिहून घ्या. बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे विकासात मागे असलेल्या मुलांना लवकर मदत देणाऱ्या केंद्राची, तरतूद आहे, तिथल्या सेवेबद्दलही त्याच वेळी विचारा. वाळपईहून किंवा सांग्याहून बसने मूल घेऊन जाणाऱ्या आईची चुकीच्या वारी झालेली फेरी म्हणजे बुडालेला रोज.

तिथे कान, डोळे, थायरॉईड आणि रक्तातलं लोह यांची तपासणी सांगू शकतात. यांतली काही कारणं औषधाने आटोक्यात येणारी आहेत, म्हणून ती टाळू नका. आणि निदानाची वाट बघत बसू नका. शेवटचा अहवाल यायला महिने लागू शकतात, पण खेळ, व्यायाम आणि बोलण्याचा सराव त्याआधीच सुरू करता येतो. पहिल्या तीन वर्षांत मेंदू झपाट्याने घडत असतो, तेव्हा हे महिने मोलाचे आहेत.

घरच्यांच्या हातून काय होऊ शकतं, याचा पुरावा इथल्याच मातीतला आहे. 1996 पासून गोव्यात मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संगाथ संस्थेच्या सहभागाने गोवा आणि रावळपिंडी इथे स्वमग्न मुलांवर झालेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलांशी खेळण्याची रीत शिकवली. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं संवादाला आपणहून सुरुवात जास्त करू लागली. रीत साधी आहे: जमिनीवर मुलासमोर बसा, ते ज्याकडे बघतंय त्याचंच नाव घ्या, थांबा, त्याला उत्तराला वेळ द्या. या वेळी मोबाईल आणि टीव्ही बंद.

शंका निघाली नाही तर

कार्डावर तारीख आणि "विकास वयानुसार" असं लिहून घ्या. पुढची तपासणी कधी, तेही त्याच पानावर. एकदा सगळं जमलं म्हणून पुढची टाळू नका, कारण बोलण्यातला आणि मिसळण्यातला उशीर नवव्या महिन्यात दिसतोच असं नाही. आणि तपासणी चांगली आली तरी मनातली शंका जात नसेल तर महिन्याभराने पुन्हा जा, नवे व्हिडिओ घेऊन.