आधी चेसिस नंबर, मग पाना

हिंदुस्थान मोटर्सची जुनी कॉन्टेसा दारात आणून उभी केली असेल आणि दिवाळीनंतर ती घरीच खोलायचा बेत असेल, तर पाना हातात घेण्याआधी एक काम करा. चेसिस नंबर शोधा. पुसा, वाचा, आरसीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, फोटो काढा, पेन्सिलनं छाप घ्या. बाकी यादी नंतर. मागच्या गाडीत इंजिन, ब्रेक, वायरिंग असं सगळं वहीत लिहून ठेवलं होतं आणि नेमकं हेच राहिलं. रंग लागून गाडी लखलखली, आरटीओत तपासणीला नेली, तर पहिलाच प्रश्न, "नंबर कुठाय?" नंबर लांबी (म्हणजे पत्र्यावर भरायची पुट्टी), प्रायमर आणि रंगाच्या खाली. पुढच्या हेलपाट्यांचं पुराण लावत नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून ही यादी.

कॉन्टेसाला जीपसारखी सुटी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. म्हणजे नंबर ठोकलाय तो बॉडीच्याच पत्र्यावर, आणि त्याच पत्र्यावर डेंटरचा ग्राइंडर आणि पेंटरची पट्टी फिरणार. रिव्हेट मारून बसवलेली पाटी वेगळी, पत्र्यात ठोकलेला नंबर वेगळा. पाटी शाबूत आहे म्हणून निवांत राहू नका. नंबरावर मळ असेल तर थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसायचा. तारेचा ब्रश नको, पॉलिश पेपर नको आणि ग्राइंडर तर दहा फूट लांब. वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी धरून घासली की छाप उठतो. दोन-तीन छाप घ्या, त्यावर तारीख टाका, एक आरसीच्या पाकिटात ठेवा. मग नंबरावर ग्रीसचा हात, वर मास्किंग टेप, आणि टेपवर मार्करनं मोठ्या अक्षरात 'हात लावू नये'. गंजानं नंबर खाल्लाच असेल तर काम तिथंच थांबवा आणि आधी आरटीओत जा. कुणी म्हणालं, "ठोकून देतो की नवा, कुणाला कळतंय!" तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. लेखी परवानगीशिवाय नंबर ठोकणं म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय आपण होऊन ओढवून घेणं.

इंजिन नंबराचंही हेच. जुन्या कॉन्टेसात मधल्या काळात कुणीतरी दुसरंच इंजिन टाकलेलं असणं अजिबात नवल नाही. आरसीवर एक आणि ब्लॉकवर दुसरा नंबर निघाला तर ते गाडी घेण्याआधी कळलेलं बरं.

कागदांचं उरलेलं थोडक्यात सांगतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर वेळी ५ वर्षांनी नूतनीकरण, त्याला फॉर्म २५. मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच पडून असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, आणि हे आत्ताच, कारण ती शाखा आज जागेवर असेलच असं नाही. पर्यावरण कर, विमा, पीयूसी हे माहीतच आहे. 'व्हिंटेजमध्ये नोंद करून टाकू' असा सल्ला कट्ट्यावर हमखास मिळतो. त्या नोंदणीला गाडी ५० वर्षांहून जुनी लागते आणि मूळ रूपात लागते. कॉन्टेसाची विक्री सुरू झाली १९८४ ला, म्हणजे सगळ्यात पहिल्या गाडीलाही २०३४ उजाडायचं. तो विषय बंद.

गाडी अजून घेतली नसेल तर एक कोल्हापुरी तपासणी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ती कुठं उभी होती ते विचारा. शाहूपुरी, कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर अशी नावं आली की कार्पेट उचलाच. वरून कितीही धुतली तरी पंचगंगेचा गाळ दाराखालच्या पोकळ पट्ट्यात, सीटच्या रुळात आणि डॅशबोर्डच्या मागं राहतोच. असली गाडी बाहेरून चकचकीत दिसते आणि आतून बिस्किटासारखी हातात येते.

जागा. गाडी साधारण साडेचार मीटर लांब. खोलल्यावर दारं, बॉनेट, डिकी, सीटा यांना तेवढीच जागा आणखी लागते. कौलारू शेड असेल तर आढ्याला चेन कुप्पी अडकवून इंजिन उचलायचा विचारही नको, तुळई इंजिनासाठी घातलेली नसते. लोखंडी घोडा भाड्यानं आणा. जॅक फक्त उचलण्यापुरता. गाडीखाली शिरायचं ते चारही स्टँड लावल्यावरच, विटांवर नाही, लाकडाच्या ठोकळ्यांवर नाही. फरशी सिमेंटची हवी.

हत्यारांत रिंग पाने, गोटी पान्यांचा सेट, हातोडी हे तुमच्याकडं असणारच. नसेल तो टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानंच नट आवळणारा पाना. तो घ्याच, मागून आणला तर परत करायची घाई होते. नट-बोल्टसाठी झाकणाचे डबे, प्रत्येकावर चिठ्ठी. प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो. मोबाइल हातात आहेच, तर त्यात आज चेसिस नंबराचा फोटो आहे का ते एकदा बघून घ्या. नसेल तर उठा.

आता बंद पडलेलं इंजिन. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह होतोच, तो आवरा. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवून बघा. फिरलं तर नशीब. अडलं तर जोर लावू नका, खोला. सुरुवातीच्या गाड्यांत अँबॅसिडरचंच १,४८९ सीसीचं इंजिन होतं, नंतर इसुझूचं १,८१७ सीसीचं आलं. तुमच्यात कुठलं आहे ते स्वतः बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर किट मागवू नका. जुन्या १,४८९ ला हेड बिडाचं. ते शिसंवाल्या पेट्रोलच्या काळातलं; शिसं व्हॉल्व्हच्या सीटची झीज रोखायचं, आणि ते देशभरातून २००० साली गेलं. हेड उतरवलंच आहे तर कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या.

बोअरिंगसाठी, म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून मोठे करून घ्यायला, आपल्याला लांब जावं लागत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग सगळं होतं. ऑइल इंजिनांवर हात बसलेलं गाव आहे, बुश हवं तर लेथवर काढून देतील. पण एक अट पाळा: ओव्हरसाइझ पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअर करायला देऊ नका. इसुझूचे पिस्टन मिळायला वेळ लागतो. ब्लॉक आधी मोठा करून बसलात आणि त्या मापाचे पिस्टनच मिळाले नाहीत, तर ब्लॉक शोभेला ठेवायचा. पिस्टन मिस्त्रीच्या हातात द्या, त्याच्या मापानं बोअर होऊ दे. उद्यमनगरात न होणाऱ्या गोष्टी म्हणजे पुढची काच, टेल लॅम्पच्या काचा, ग्रिल आणि खिडक्यांचं रबर. हे खोलण्याआधी गोळा करा. पुढची काच काढताना जुनं रबर कापा, काच वाचवा. अर्थात नवं रबर घरात असेल तरच.

पेट्रोलची टाकी. जुनं पेट्रोल चिकट राळ होऊन बसलेलं असतं. टाकी उतरवून साफ करा, आतून गंज बघा. गळती असेल तर घरी वेल्डिंग करायचं नाही म्हणजे नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, भडका उडतो. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराच्या नळ्या आणि कार्बोरेटरमधले पडदे खातं, शिवाय पाणी ओढून टाकी गंजवतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या एकदम सगळ्या बदला. पाच रुपये वाचवायला एखादी जुनी ठेवली तर ती नेमकी गरम मॅनिफोल्डवरच गळेल.

ब्रेक: मास्टर सिलेंडर, व्हील सिलेंडर, होज नवे. ब्रेक शूजची धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

पत्रा कापायच्या वेळी दाराखालचा पट्टा एका दमात काढू नका. दाराच्या चौकटीत आधी आडवी पाइप टाचून घ्या, नाहीतर बॉडी बसते आणि नंतर दार लागत नाही. आणि डेंटर येईल त्या दिवशी सगळ्यात आधी त्याला चेसिस नंबराची जागा दाखवा. बोट ठेवून दाखवा. तो म्हणेल, "व्हय व्हय, म्हाईत हाय मालक." माहीत असतं, पण जेवणानंतर पोरगं येतं ग्राइंडर घेऊन, त्याला माहीत नसतं. पोरग्यालाही दाखवा. हेच पेंटर आल्यावर. हेच प्रायमरच्या आदल्या दिवशी. लांबी भरताना टेप जागेवर आहे का बघा. शेवटी तेवढ्या जागेवर रंगाचा पातळ हात मारायचा, खाचा बुजता कामा नयेत. लगेच नख फिरवून अक्षरं लागतात का बघा.

रंग पावसाळ्यात नको, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. दमट हवेत रंग पांढुरका पडतो. पण कोरडे महिने आले की इथं दुसरं दुखणं, ऊसतोड. कुणीतरी पाचट पेटवतं, काळी राख उडत येते आणि ओल्या रंगावर बसते. शेड गावाबाहेर शेताजवळ असेल तर चारी बाजूंनी प्लॅस्टिक बांधा, जमीन ओली करा, वारा पडलेली वेळ धरा. टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा) मारताना साधा कापडी मास्क काही कामाचा नाही, त्याच्या हार्डनरची वाफ फुफ्फुसाला वाईट. वाफ गाळणाऱ्या फिल्टरच्या डब्या लावलेला मास्क घ्या. रंग कुठला, हेही आधी ठरवा. आरसीवर रंग लिहिलेला असतो, तो बदलायचा तर नोंद करावी लागते. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बघून आलं की सगळ्यांनाच जुन्या गाडीला राजेशाही रंग द्यावासा वाटतो. द्या, पण अर्ज आधी.

मॉडिफिकेशन. पोरं कॉन्टेसाला मसल कार म्हणतात. दिसते खरी तशी, लांब नाक, रुंद खांदे, मागच्या चाकांना जोर. पण १९६४ च्या पाँटियॅक जीटीओत ६.४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं आणि आपल्यात दोन लिटरही नाही. म्हणून दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन टाकायची स्वप्नं पडतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीवरच्या तपशिलाला धक्का लागेल असा बदल परवानगीशिवाय चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्धचे बदल चालणार नाहीत असंच सांगितलं. शिवाय जुना गिअरबॉक्स, जुना अ‍ॅक्सल, जुने ब्रेक, त्यावर दुप्पट ताकद, म्हणजे एखाद्या उतारावर हिशेब होणारच. माझं मत विचाराल तर पैसे इथं घाला: पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला रिले, चांगला रेडिएटर आणि रिलेवरचा इलेक्ट्रिक पंखा, नवे बुश आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचून घ्या. मोठा आवाज काढणारा सायलेन्सर नको, शेजारी म्हातारी माणसं असतात.

वायरिंग जुनं तसंच ठेवून त्यावर नवं जोडू नका. पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदला, फ्यूज बॉक्स नवा.

जोडणी उलट क्रमानं, फोटो बघत. पहिल्यांदा सुरू करताना कूलंट, ऑइल, अग्निशामक जवळ, ऑइलच्या दिव्यावर डोळा. नव्या इंजिनाला सुरुवातीचे हजार किलोमीटर दमानं, मग ऑइल बदला आणि सगळे नट परत आवळा. ब्रेकची चाचणी मोकळ्या रस्त्यावर, रंकाळ्याच्या संध्याकाळच्या गर्दीत नाही. तपासणीला जाण्याच्या आदल्या दिवशी चेसिस नंबर पुसून ठेवा, कागदावरचा छाप बरोबर घ्या. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी लावून घ्या.

सीट कव्हर, स्टिरिओ, फॉग लाइट, मागच्या काचेवरचं नाव, हे ज्याचं त्यानं बघावं.