पॉइंटर एलियासिंगचा अभ्यास: खान्देशातून कम्पायलरच्या कामाकडे येणाऱ्यांसाठी

धुळे-जळगाव भागात अभियांत्रिकी शिकताना आमचा कम्पायलर हा विषय बहुतांशी पार्सिंगच्या, म्हणजे कोडची व्याकरणानुसार फोड करण्याच्या, तक्त्यांतच संपला. परीक्षेला तेच येत असल्याने त्यात गैर काही नव्हते. परंतु पुण्या-बंगळुरूच्या मुलाखतींत मला जे विचारले गेले ते त्यापुढचे होते, आणि त्यात दोन पॉइंटर (मेमरीतील जागेचा पत्ता ठेवणारी चले) एकाच जागेकडे निर्देश करू शकतात का, हा एलियासिंगचा प्रश्न या ना त्या रूपाने येत राहिला.

सुरुवात शोधनिबंधांपासून न करता एका छोट्या सी फंक्शनपासून करावी. त्याला दोन इंट पॉइंटर द्यावेत. पहिल्यातून १ लिहावा, दुसऱ्यातून २ लिहावा आणि शेवटी पहिल्यातून वाचलेली किंमत परत करावी. ओ-टू या वेगवान कोडसाठीच्या पातळीवर कम्पायलरकडून काढलेल्या असेंब्लीत (यंत्राच्या सूचनांच्या वाचनीय रूपात) मेमरी पुन्हा वाचणारी सूचना दिसते, कारण दोन्ही पॉइंटर एकाच जागेचे असल्यास उत्तर २ यायला हवे. आता दुसरा पॉइंटर फ्लोटचा करून पाहावा: ते वाचन नाहीसे होते आणि थेट १ परत जातो. इंट म्हणून साठवलेली किंमत फ्लोट म्हणून वाचू नये, या भाषेच्या नियमाचा जीसीसी आणि क्लँग हे सी चे कम्पायलर येथे लाभ घेतात. लिनक्स कर्नल मात्र हे गृहीतक मुद्दाम बंद ठेवून बांधला जातो.

एकच माणूस घरात नाना, गावात आबा आणि सातबाऱ्यावर तिसऱ्याच नावाने असतो. विकास सोसायटीच्या सचिवाला खात्री नसेल, तर पीककर्ज देताना दोन्ही नावे एकाचीच असू शकतात असे धरूनच तो चालतो. कम्पायलरही तसाच चालतो. क्लँग ज्यावर उभा आहे त्या एलएलव्हीएम या कम्पायलर-संचात या प्रश्नाची चार उत्तरे आहेत: नक्की नाही, कदाचित, अंशतः आणि नक्की. ‘कदाचित’ म्हटल्याने प्रोग्राम फार तर संथ होतो. ‘नक्की नाही’ हे उत्तर चुकले तर तो बिघडतो. नवशिक्यांच्या नजरेतून निसटणारी गोष्ट अशी की, प्रश्न नुसत्या पॉइंटरविषयी नसून पत्ता आणि तेथून किती बाइट वापरले जाणार, या जोडीविषयी असतो.

पॉइंटर कोणकोणत्या जागांकडे निर्देश करू शकतो, त्या जागांचा संच ठेवणे ही यामागची मुख्य मांडणी आहे. समजा, पी मध्ये ए चा पत्ता ठेवला, क्यू मध्ये बी चा ठेवला आणि मग पी ला क्यू ची किंमत दिली. अँडरसन यांच्या १९९४ च्या कोपनहेगन विद्यापीठातील प्रबंधातील पद्धतीने क्यू चा संच पी च्या संचात सामावतो: पी कडे ए व बी, क्यू कडे फक्त बी. स्टीन्सगार्ड यांच्या १९९६ च्या पद्धतीत ए आणि बी एकाच गटात जातात, म्हणून क्यू सुद्धा ए कडे निर्देश करू शकतो असे विनाकारण ठरते. त्या बदल्यात काम जवळजवळ रेषीय वेळेत आटोपते, तर पहिल्या पद्धतीला सर्वांत वाईट परिस्थितीत प्रोग्रामच्या आकाराच्या घनाच्या प्रमाणात वेळ लागतो. जीसीसीने पहिली वाट धरली आहे.

एलएलव्हीएमवरच उभ्या असलेल्या रस्ट या भाषेचा किस्साही वाचण्याजोगा आहे. त्या भाषेत बदलता येणारा संदर्भ एकमेव असल्याची हमी असते, पण ती एलएलव्हीएमला कळवताच तिथले जुने दोष उघडे पडले आणि ती सोय वारंवार बंद करावी लागली. २०२१ मधील १.५४ आवृत्तीत ती पुन्हा सुरू झाली. सी मध्ये पॉइंटरबाबत तशीच हमी देणारा रिस्ट्रिक्ट हा शब्द १९९९ च्या मानकापासून आहे, पण रोजच्या कोडमध्ये तो क्वचितच दिसतो, त्यामुळे त्या वाटेची पुरेशी परीक्षाच झाली नसावी, असे माझे मत आहे.

साधनांबद्दल एवढेच: एलएलव्हीएमची डीबग आवृत्ती साध्या लॅपटॉपवर बांधण्याच्या भरीस पडू नये, भुसावळच्या मे महिन्यात तर नाहीच, तयार पॅकेज पुरते. आयआयटी मुंबईच्या उदय खेडकर यांनी पॉइंटर विश्लेषणावर बरेच काम केले आहे, ते थोडे पुढे गेल्यावर वाचावे. त्याआधी युनियन-फाइंड (गट झटपट एकत्र करणारी रचना) वापरून स्टीन्सगार्डची पद्धत स्वतः लिहावी, मग तिच्याच शेजारी अँडरसनची लिहावी, आणि वरचे पी-क्यूचे उदाहरण दोन्हींना देऊन क्यू चा संच छापून पाहावा.