डोक्यावरून गेलेलं विमान कुठलं? फोनवर असं शोधा

दिल्लीहून चेन्नई किंवा हैदराबादला जाणारी विमानं विदर्भावरून पुढे जातात. खालून दिसतो तो फक्त एक पांढरा ठिपका. त्याचं नाव-गाव कळायला ‘फ्लाइटरडार२४’ हे अ‍ॅप पुरतं, मोफतवालंसुद्धा.

अ‍ॅप उघडून लोकेशनची परवानगी द्या. नकाशावर तुमची जागा आणि भोवतीची विमानं दिसतील. आता घाई करू नका. आवाज ऐकून वर बघाल तर विमान तिथे नसतंच. ३५,००० फूट म्हणजे जवळपास साडेदहा किलोमीटर. तिथून आवाज खाली पोचायला अर्धा मिनिट तरी लागतो, आणि तेवढ्यात विमान सात-आठ किलोमीटर पुढे सरकलेलं असतं. म्हणून आवाजाच्या पुढे नजर टाका, विमान कुठल्या दिशेला चाललंय ते पाहा आणि नकाशावर त्याच दिशेला तोंड असलेलं चिन्ह दाबा.

विमान कुठून कुठे निघालंय, कुठल्या कंपनीचं आणि कुठल्या जातीचं आहे, हे लगेच दिसतं. नोंदणी क्रमांक ‘व्हीटी’ने सुरू होत असेल तर विमान भारतात नोंदलेलं. उंची फुटांत आणि वेग नॉटमध्ये असतो; एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. आकडेमोड नको असेल तर सेटिंगमध्ये एकक बदला. जवळजवळ दोन चिन्हं असली की उंचीवरून निवाडा करा: खिडक्या ओळखू येण्याइतकं खाली असलेलं विमान ३५,००० फुटांवर असूच शकत नाही.

विमान डोळ्यांना दिसतंय, पण नकाशावर नाही? पुण्यात लोहगावच्या आसपास राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नसेल. हवाई दलाची लढाऊ विमानं सहसा अशा नकाशांवर येत नाहीत. काही खासगी मालकही आपलं विमान झाकून ठेवायला सांगतात. ‘एडीएस-बी एक्सचेंज’ ही साइट मालकांच्या सांगण्यावरून काही लपवत नाही, तेव्हा तिथे एकदा बघावं. पण विमानाने स्वतःची जागा प्रसारित केलीच नसेल, तर तिथेही बहुधा हाती काही लागणार नाही.

‘स्क्वॉक’ नावाचा चार आकडी कोडही दिसेल. ७७०० म्हणजे आणीबाणी, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७५०० म्हणजे अपहरण. ७७०० दिसला की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर बोंब ठोकू नका. एखादा प्रवासी अत्यवस्थ झाला तरी वैमानिक तो लावू शकतो.

ही सगळी माहिती येते ती मुख्यतः हौशी लोकांनी गच्चीवर लावलेल्या अँटेनांमधून. विमानं १०९० मेगाहर्ट्‌झवर आपली जागा सतत सांगत असतात. अँटेना ते ऐकून इंटरनेटवर पाठवते. हे संदेश सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगराआड खालून उडणारं हेलिकॉप्टर हुकतं. तुमच्या गच्चीवरून चहूकडे मोकळं आकाश असेल तर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि यूएसबी रिसीव्हर जोडून तुम्हीही माहिती पुरवू शकता. बदल्यात फ्लाइटरडार२४ आपली वरच्या दर्जाची सेवा फुकट देतं.