आडनावाच्या नकाशावरून मूळ गावाकडे

आडनावांचा प्रसार दाखवणारा नकाशा संगणकावर उघडला की सर्वांत गडद रंगाच्या भागालाच आपले मूळ स्थान मानण्याचा मोह होतो. तो आवरावा. ते आडनाव आज कोठे राहते एवढेच नकाशा दाखवतो. घराणे कोठून निघाले, हे शोधण्यासाठी त्यानंतर गावोगावची दप्तरे चाळावी लागतात, आणि सातारा-सांगली भागात ती चाळण्याजोगी आहेत.

‘फोअरबेअर्स’ या संकेतस्थळावर आडनाव रोमन लिपीत टाकावे लागते आणि पहिली ठेच तेथेच लागते. ‘माने’ हे आडनाव घ्या. एम, ए, एन, ई ही चार अक्षरे टाकली की महाराष्ट्राबरोबर पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल आणि गिनी-बिसाऊ हे देशही रंगून येतात, कारण फुटबॉलपटू सादिओ माने याचे आडनावही त्याच अक्षरांनी लिहिले जाते. म्हसवडच्या मान्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे सांगायला नको. ‘गोरे’ शोधताना अमेरिकेतील ‘गोर’ कुटुंबे अशीच मिसळतात, तर ‘काळे’ आणि ‘काले’ रोमन लिपीत वेगळे करताच येत नाहीत. याच्या उलट, एकच आडनाव अनेक रूपांत विखुरलेलेही असते: ‘पवार’ लिहिताना ‘पी’नंतर कोणी ‘ए’ लिहितो तर कोणी ‘ओ’, आणि ‘चव्हाण’ मध्ये ‘व्ही’नंतरचा ‘एच’ कोणी ठेवतो, कोणी गाळतो. म्हणून घरातील जुने शाळेचे दाखले समोर घेऊन आडनावाची सर्व रूपे आधी कागदावर उतरवावीत आणि प्रत्येकाचा नकाशा स्वतंत्रपणे पाहावा.

नकाशावर एकूण संख्या आणि लोकसंख्येतील प्रमाण असे दोन आकडे असतील, तर प्रमाणाला अधिक महत्त्व द्यावे. निव्वळ संख्या मोठ्या लोकवस्तीकडेच बोट दाखवते.

पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनावरून आलेली आडनावे असल्याने त्यांच्यासाठी नकाशाचा उपयोग जवळजवळ नाही. वतन गावोगावी होते. ‘कर’ प्रत्ययाची आडनावे मात्र गंमत करतात. कराडकर कराडात दाट सापडतील असे वाटते, पण कराडात राहणाऱ्याला कराडकर कोण म्हणणार? गावाचे नाव बहुधा गाव सोडल्यावरच चिकटते, तेव्हा अशा आडनावाचा गडद ठिपका हा पूर्वजांच्या दुसऱ्या मुक्कामाचा समजावा.

दूरच्या राज्यांतील ठिपके चुकीचे म्हणून खोडण्याआधी स्थलांतराचा विचार करावा. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातील गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीच्या शुद्धीकरणाच्या धंद्यासाठी देशभर पसरलेले आहेत. त्यामुळे तमिळनाडूत किंवा उत्तर प्रदेशात खानापूरकडचे आडनाव दिसले, तर ती चूक नसून गलाईचे दुकान असू शकते. कोयना धरणामुळे उठलेली जावळी-पाटणकडची गावे रायगड, ठाणे, सोलापूर या जिल्ह्यांत वसवली गेली, हेही ध्यानात ठेवावे.

ब्रिटनमध्ये १८८१ च्या जनगणनेतील नावे खुली असल्यामुळे तेथील आडनावांचे नकाशे बारीक तपशिलात उतरतात. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तींची माहिती गोपनीय ठेवली आहे, त्यामुळे तालुक्यापर्यंतचा नकाशा आपला आपणच तयार करावा लागतो. त्यासाठी ‘महाभूलेख’ वर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून सातबारा किंवा आठ-अ आडनावाने शोधावा, त्या आडनावाचे किती खातेदार आहेत ते मोजावे आणि तालुक्याच्या छापील नकाशावर त्या गावापुढे आकडा लिहावा. काम कंटाळवाणे आहे; मी एका वेळी दहापेक्षा जास्त गावे करत नाही. भूमिहीन कुटुंबे या मोजणीत येत नाहीत, त्यांच्यासाठी मतदार याद्या पाहाव्यात. पाच-सहा लगतच्या गावांत आकडा एकदम वाढलेला दिसला, की शोध तेथे वळवावा.

जुने कागद मागताना जिल्ह्याची सीमा विसरू नये. वाळवा, शिराळा, तासगाव आणि खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यात होते; १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. मिरज, सांगली आणि जतकडील कागद संस्थानी दप्तरातले असू शकतात. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी बहुधा मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधी गाठावा.

एकाच गावात एकाच आडनावाची दोन घराणी असली, तर कुलदैवत आणि देवक विचारावे. एकाचे कुलदैवत पालीचा खंडोबा आणि दुसऱ्याचे खरसुंडीचा सिद्धनाथ असेल, तर ती घराणी वेगळी असण्याचा संभव मोठा. सुगीनंतर गावात येणारा हेळवी अशा वेळी फार उपयोगी पडतो: तो पोथी उघडून वंशावळ वाचतो आणि घराणे कोणत्या गावाहून आले तेही सांगतो. तो वाचत असताना मध्ये थांबवू नये; परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज नोंदवावा, धान्य द्यावे, आणि त्याने उच्चारलेले प्रत्येक गाव त्याच रात्री आपल्या नकाशावर शोधावे.