आफ्रिकेतील पितृवंशांची आकडेवारी कशी वाचावी

आफ्रिकेतील एखाद्या लोकसमूहाच्या पितृवंशांचा, म्हणजे बापाकडून मुलाकडे उतरणाऱ्या वंशरेषांचा, तक्ता समोर आला, की वाचकाची नजर बहुधा सर्वांत मोठ्या टक्केवारीवर जाते आणि निष्कर्ष तिथल्या तिथे निघतो. ‘अमुक लोक म्हणजे ई, तमुक लोक म्हणजे ए’ (ही पितृवंशांच्या शाखांची नावे) अशी समीकरणे याच घाईतून जन्माला येतात आणि मग ती वर्षानुवर्षे फिरत राहतात. असा तक्ता वाचण्याचा एक क्रम आहे: आधी खूण पाहावी, मग त्या खुणेचे वंशवृक्षातील स्थान, मग नमुना कोणाचा व किती जणांचा आहे ते, आणि टक्केवारी सर्वांत शेवटी. मानवी पितृवंशांच्या सर्वांत जुन्या शाखा आफ्रिकेतच असल्याने हा क्रम तिथे जितका कसोटीला लागतो, तितका अन्यत्र क्वचितच लागतो.

नेमके काय मोजलेले असते

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. त्याच्या दोन्ही टोकांचे लहान भाग सोडले, तर उरलेल्या भागाची एक्स गुणसूत्राशी देवाणघेवाण होत नाही. त्यामुळे तो पिढ्यानपिढ्या जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. नक्कल होताना क्वचित डीएनएचे एखादे अक्षर बदलते आणि ज्या पुरुषात तो बदल झाला, त्याच्या सर्व पुरुष वंशजांमध्ये ती खूण टिकून राहते. अशी एक किंवा अनेक सामाईक खूण बाळगणाऱ्या पुरुषांच्या गटाला हॅप्लोग्रुप म्हणतात; तक्त्यातील ‘पितृवंश’ म्हणजे हाच गट. या गुणसूत्रात सुमारे ६ कोटी २० लाख अक्षरे असून त्याचे संपूर्ण वाचन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुनरावृत्त भाग फार असल्यामुळे तोवर त्याचा निम्म्याहून अधिक भाग वाचायचा राहिला होता.

तक्त्याला हात घालण्यापूर्वी एक हिशेब मनात पक्का असावा. दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येक माणसाच्या वंशावळीत पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात, त्यांतील ५१२ पुरुषांच्या असतात आणि वाय गुणसूत्र त्यांपैकी केवळ एकाची वार्ता सांगते. म्हणून तक्त्यातील टक्केवारी ही त्या लोकांच्या ‘रक्ताची’ टक्केवारी नसते. एखाद्या समूहात बाहेरून आलेला पितृवंश ६० टक्के पुरुषांत आढळला, तरी त्या समूहाचा उर्वरित जनुकसाठा बहुतांशी स्थानिक असू शकतो.

नावावर नव्हे, खुणेवर बोट ठेवावे

पितृवंशांच्या नावांची सर्वमान्य पद्धत २००२ मध्ये ठरली. त्या पद्धतीत शाखांना आळीपाळीने अक्षर आणि अंक मिळतात. अडचण अशी की मधली एखादी नवी फांदी सापडली, की तिच्याखालच्या सगळ्या नावांत बदल होतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या पितृवंशाला २००२ च्या पद्धतीत ई३ए हे नाव होते, पुढे तो ई१बी१ए झाला आणि नंतर त्याला आणखी एक अंक चिकटला. एम२ ही खूण मात्र या सर्व काळात तीच राहिली. त्यामुळे कोणताही तक्ता हाती आला, की प्रत्येक स्तंभाच्या नावापुढे त्याची निश्चायक खूण लिहून काढावी: ई-एम२, ई-एम३५, बी-एम११२, ए-एम१३ असे. मूळ लेखात ती दिलेली नसेल, तर प्रकाशनाच्या वर्षावरून त्या काळची नामपद्धती शोधावी आणि मगच पुढे जावे. वेगवेगळ्या वर्षांचे दोन तक्ते हे काम न करता शेजारी ठेवण्यात काहीही अर्थ नाही.

नावापुढे तारांकन दिसल्यास तिथे थांबावे. ई-एम३५* याचा अर्थ इतकाच, की एम३५ ही खूण सापडली आणि तिच्याखालच्या ज्या शाखा त्या अभ्यासात तपासल्या, त्यांपैकी एकही जुळली नाही. ही स्वतंत्र शाखा नव्हे; ती तपासणी जिथे थांबली ती जागा आहे. आज तारांकित असलेला गट उद्या चार वेगवेगळ्या फांद्यांत विभागला जाऊ शकतो, म्हणून दोन समूहांत एकच तारांकित गट आढळला एवढ्यावरून त्यांचे नाते जोडू नये.

वृक्षातील स्थान पाहावे

सर्वांत अधिक गैरसमज ‘ए’ या अक्षराने केलेले आहेत. ए ही एक फांदी नाही. वृक्षाच्या बुंध्यापासून आधी ए००, मग ए०, मग ए१ए अशा फांद्या एकामागून एक फुटतात. त्यानंतर ए१बी१ आणि बीटी यांची फारकत होते आणि बीटीमधून आफ्रिकेतील बी व ई यांच्यासह आफ्रिकेबाहेरचे सर्व पितृवंश निघतात. म्हणजेच ए१बी१ हा पितृवंश असलेला नामिबियातील सान पुरुष या वृक्षावर कॅमेरूनमधील ए०० पितृवंशाच्या पुरुषापेक्षा बीटीमधूनच निघालेला आर१ए असलेल्या मराठी माणसाला अधिक जवळचा असतो. ज्या तक्त्यात या सर्वांना ‘ए’ या एकाच रकान्यात कोंबलेले असेल, त्या रकान्यावरून कोणतेही विधान करू नये.

ए०० चा शोध ही या विषयातील सर्वांत विलक्षण घटना आहे. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातील एका आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबाने वंशशोधासाठी दिलेला नमुना तोवर माहीत असलेल्या वृक्षात कुठेच बसेना. पुढे पश्चिम कॅमेरूनमधील म्बो लोकांत तसाच पितृवंश सापडला आणि २०१३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. कॅमेरूनमधील शुम लाका या शैलाश्रयात सुमारे ८,००० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका मुलामध्येही हाच पितृवंश मिळाला. एका कुटुंबाच्या कुतूहलामुळे मानवी पितृवंशाचे मूळ एका झटक्यात खूप मागे गेले, हे लक्षात घेतले म्हणजे आफ्रिकेतील किती समूहांचे नमुने अजून घेतलेलेच नाहीत याची जाणीव मनाला बोचू लागते.

उरलेल्या मोठ्या शाखांची ओळख थोडक्यात पुरेल. ए-एम१३ ही शाखा दक्षिण सुदानमधील दिंका व शिल्लुक यांसारख्या नायलोटिक (नाईलच्या वरच्या खोऱ्यातील एका भाषागटाच्या) समूहांत आणि इथिओपियात ठळकपणे दिसते. बी-एम११२ ही मध्य आफ्रिकेतील वर्षावनात राहणारे म्बुटी व बाका, टांझानियातील हाद्झा आणि दक्षिणेकडील सान अशा परस्परांपासून दूर असलेल्या शिकारी-संग्राहक समूहांत आढळते. तिचीच भावकी असलेली बी-एम१५० मात्र बांटू या आफ्रिकेतील मोठ्या भाषासमूहाच्या भाषकांत अधिक दिसते. ई ही आज आफ्रिकेतील सर्वांत मोठी शाखा आहे आणि तिचे दोन उपविभाग वेगळे ठेवलेच पाहिजेत. ई-एम२ पश्चिम, मध्य व दक्षिण आफ्रिकेत पसरलेली आहे. ई-एम३५ पूर्व व उत्तर आफ्रिकेत दिसते. तिच्यातील ई-एम७८ सोमाली पुरुषांत बहुसंख्य आहे आणि ई-एम८१ ही वायव्य आफ्रिकेतील अमाझिघ, म्हणजे बर्बर, समूहांची ठळक खूण आहे.

नमुना तपासावा

समजा, एका गावातील २० पुरुषांपैकी ५ जणांत एखादी खूण मिळाली. तक्त्यात २५ टक्के लिहिले जाईल. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के विश्वासपातळीवर खरे प्रमाण मात्र साधारण ९ ते ४९ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. २०० पुरुषांपैकी ५० जणांत ती मिळाली, तर हीच कक्षा १९ ते ३२ टक्क्यांवर येते. म्हणून प्रत्येक टक्केवारीशेजारी नमुन्याची संख्या लिहावी आणि तीस-चाळीसपेक्षा लहान नमुन्यांतील दोन समूहांच्या फरकावर कोणताही सिद्धान्त उभारू नये. नमुना शहरात घेतला की गावात, दाते एकमेकांचे नातलग होते का, त्यांना गटात घालताना भाषा विचारली की आजोबांचे जन्मस्थान, हेही पाहावे. ‘नायजेरिया’ किंवा ‘इथिओपिया’ असे देशाचे नाव गटाचे नाव म्हणून वापरलेले असेल, तर तो आकडा फारसा उपयोगाचा नसतो, कारण या देशांच्या सीमा पितृवंशांहून कितीतरी अलीकडच्या आहेत.

उत्तर कॅमेरूनमधील चाडिक (चाड सरोवराभोवतीच्या भाषागटातील) भाषा बोलणारे उल्देमे लोक हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्यांच्या नमुन्यात ९० टक्क्यांहून अधिक पुरुषांमध्ये आर१बी हा पितृवंश मिळाला. पश्चिम युरोपात आर१बी सर्वाधिक आढळत असल्याने अनेकांनी लगेच युरोपीय संबंधाची कल्पना केली. वर सांगितलेला क्रम पाळल्यास ही कल्पना टिकत नाही. खूण पाहिली, तर इथली शाखा आर१बी-व्ही८८ आहे आणि पश्चिम युरोपातील बहुसंख्य पुरुषांची शाखा आर१बी-एम२६९ आहे. वृक्षातील स्थान पाहिले, तर या दोन्ही शाखांची फारकत १५,००० हून अधिक वर्षांपूर्वीची आहे. नमुना पाहिला, तर तो जेमतेम वीस-बावीस पुरुषांचा आहे आणि लहान, डोंगराळ समूहात एकाच पूर्वजाचा वंश योगायोगानेही फोफावू शकतो. एवढे झाल्यावर टक्केवारीकडे यावे. व्ही८८ चाड सरोवराच्या परिसरातील इतर चाडिक भाषकांतही वारंवार आढळते, सार्डिनियात ती तुरळक आहे आणि बाल्कन प्रदेशातील प्राचीन सांगाड्यांतही ती मिळाली आहे. त्यामुळे ती भूमध्य सागराच्या बाजूने, सहारा हिरवीगार असतानाच्या काळात दक्षिणेकडे उतरली असावी, हे स्पष्टीकरण सर्वाधिक पटते.

काळाचे आकडे

वाय गुणसूत्रातील १ कोटी अक्षरांचा पट्टा घेतला, तर त्यात सरासरी सुमारे १३० वर्षांनी एक बदल होतो. शाखांची वये या गतीवरूनच काढलेली असतात. गतीचा अंदाज बदलला, की वय बदलते: ए०० ची फारकत सुरुवातीला सुमारे ३,३८,००० वर्षांपूर्वीची मानली गेली, नंतर अधिक विस्तृत वाचनावरून ती सुमारे अडीच लाख वर्षांवर आली. वयाबरोबर दिलेली कमाल व किमान मर्यादा नेहमी उतरवून घ्यावी. शाखेचे वय आणि ती शाखा एखाद्या प्रदेशात पोहोचल्याचा काळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही विसरू नये. खूप जुनी शाखा एखाद्या देशात कालपरवाही येऊ शकते.

भाषा, इतिहास आणि मातृवंश यांच्याशी ताळा

ई-एम२ चा आजचा विस्तार समजण्यासाठी भाषांचा नकाशा शेजारी ठेवावा. बांटू भाषकांचा विस्तार सुमारे ४,००० ते ५,००० वर्षांपूर्वी आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमेच्या परिसरातून सुरू झाला आणि शेतीबरोबर दक्षिण टोकापर्यंत गेला. ई-एम२ चे प्रमाण त्याच वाटेवर चढे राहते. याउलट ई-एम२९३ ही शाखा टांझानियातील दातोग या पशुपालक समूहात आणि दूर दक्षिणेकडे ख्वे या समूहात आढळते, त्यावरून सुमारे २,००० वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतून पशुपालक दक्षिणेकडे गेल्याचा एक स्वतंत्र धागा दिसतो. एकाच ‘ई’ अक्षराखाली दोन निराळी स्थलांतरे दडलेली आहेत.

मातृवंशाचा, म्हणजे आईकडून उतरणाऱ्या वंशरेषेचा, तक्ता मिळाल्यास तोही अवश्य ताडून पाहावा. दक्षिण आफ्रिकेतील बांटू भाषकांत पितृवंश बहुतांशी ई-एम२ असतो, पण मातृवंशांत सान व खोईखोई या तिथल्या आधीच्या रहिवाशांशी निगडित एल०डी हा मातृवंश बऱ्याच प्रमाणात सापडतो; म्हणजे आलेल्या पुरुषांनी स्थानिक स्त्रियांशी संसार मांडले. अमेरिकेतील आफ्रिकी-अमेरिकी पुरुषांत साधारण चतुर्थांश ते तृतीयांश पितृवंश युरोपीय आहेत आणि मातृवंश मात्र बहुतांशी आफ्रिकी आहेत. या फरकामागे गुलामगिरीच्या काळात स्त्रियांवर झालेली जबरदस्ती आहे आणि हे आकडे मांडणाऱ्याने ते स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे.

परंपरा आणि जनुके यांचा ताळा झिंबाब्वे व दक्षिण आफ्रिकेतील लेंबा लोकांबाबत पाहण्यासारखा आहे. आपले पूर्वज उत्तरेकडून समुद्रमार्गे आले, असे त्यांची परंपरा सांगते. १९९६ आणि २००० मधील अभ्यासांत त्यांच्या पितृवंशांचा मोठा भाग पश्चिम आशियाशी जुळला आणि बुबा या कुळात तर ज्यू पुरोहितांमध्ये आढळणारा खुणांचा एक विशिष्ट संचही वारंवार मिळाला. यावरून परंपरेतील पुरुषांच्या आगमनाला आधार मिळतो. ते पुरुष अरबस्तानातील व्यापारी होते की ज्यू होते, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हीच शिस्त सिद्दी समाजाविषयीच्या लेखनाला लावता येईल. कर्नाटक व गुजरातेतील सिद्दींवरील २०११ च्या अभ्यासात त्यांचे पितृवंश व मातृवंश बांटू भाषकांकडे निर्देश करतात आणि स्थानिक लोकांशी झालेली सरमिसळ सुमारे २०० वर्षांतील दिसते. हा निष्कर्ष उचलून जंजिऱ्याच्या सिद्दींना किंवा अहमदनगरच्या निजामशाहीतील हबशी सरदारांना चिकटवू नये. मलिक अंबर इथिओपियातून आला होता आणि तिथे ई-एम३५ च्या शाखा, ए-एम१३ व जे१ यांचे मिश्रण आढळते, त्यामुळे त्या लोकांच्या वंशजांत निराळे चित्र निघणे शक्य आहे. जंजिऱ्याविषयी विधान करायचे असेल, तर नमुना जंजिऱ्याचा हवा, त्यातील खुणा शाखेच्या टोकापर्यंत तपासलेल्या हव्यात आणि प्रत्येक टक्केवारीशेजारी पुरुषांची संख्या लिहिलेली हवी.