आबाजींचा वीतभर ट्रायपॉड

आर्वीकडच्या आमच्या घरी माळ्यावर आबाजींचा टेबलावरचा ट्रायपॉड सापडला. पायावर ‘वेस्टर्न जर्मनी’ कोरलेलं, म्हणजे १९४९ नंतरचा. कॅमेरा वळवायचा वरचा गोळा मात्र पार जाम. जोर लावला नाही. रात्रभर घासलेटात ठेवला. सकाळी मेणासारखं घट्ट झालेलं जुनं ग्रीस टूथब्रशनं निघालं. मग मशीन ऑइलचा एकच थेंब.

तरी कॅमेरा बसेना. स्क्रू ३/८ इंची, कॅमेऱ्याचे आटे १/४ इंची. जुन्या युरोपीय ट्रायपॉडांत हे आढळतंच. पितळी अडॅप्टर आणला, काम झालं.

पराटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, ठेवताना एक पाय लेन्सखाली घ्या, नाहीतर कॅमेरा तोंडावर पडतो. वारा सुटला की मी पाय मिटून छातीला टेकवतो. काल पहाटे फुटलेलं बोंड टिपलं, दवासकट!