आइसलँडची तेजी, पडझड आणि सावरणं: कागद-पेन्सिल घेऊन कसं वाचावं

देश तेजीतून थेट गाळात कसा जातो आणि सरकार त्याला बाहेर कसं काढतं, हे शिकायला आइसलँड हा सगळ्यात सोयीचा नमुना आहे. त्या काळी लोकसंख्या सुमारे 3 लाख 20 हजार, मोठ्या बँका तीनच (ग्लिटनिर, लँड्सबांकी, कौपथिंग), आणि सगळी मुख्य घडामोड 2003 ते 2017 या काळात बसते. अमेरिकेची महामंदी वाचताना माणूस तपशिलात हरवतो. इथे एका संध्याकाळी पूर्ण साखळी मांडता येते.

एका मोठ्या कागदावर तीन उभे रकाने आखा: बँका, सरकार, घरं. डावीकडे वर्षं लिहा. राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीचा दर आणि शेअर निर्देशांक सुरुवातीला मुद्दाम बाजूला ठेवा. तेजीत हे दोन्ही आकडे छान दिसतात, म्हणूनच त्यांतून धोका कळत नाही.

तेजीची पानं भरायला फार वेळ लागणार नाही. 2003 पर्यंत सरकारी बँकांचं खासगीकरण पुरं झालं. 2004 मध्ये खासगी बँका गृहकर्जाच्या धंद्यात उतरल्या आणि घराच्या पूर्ण किमतीइतकं कर्ज देऊ लागल्या. 2005 पासून परदेशी संस्था चढ्या व्याजाच्या मोहाने आइसलँडच्या क्रोना चलनात रोखे काढू लागल्या. त्यांना ‘हिमनदी रोखे’ म्हणत. ऑक्टोबर 2006 मध्ये लँड्सबांकीने ब्रिटनमध्ये ‘आइससेव्ह’ ही इंटरनेटवरची बचत ठेव सुरू केली, मे 2008 मध्ये नेदरलँड्समध्येही.

आता तीन कसोट्या लावा.

पहिली, आकाराची. बँकांची एकूण मालमत्ता भागिले देशाचं वार्षिक उत्पन्न. 2003 अखेर हे गुणोत्तर दुपटीच्या आत होतं, 2008 पर्यंत ते दहापटीजवळ गेलं. दहापट बँकव्यवस्थेत मालमत्तेचा दहावा भाग बुडाला, तर तो तोटा देशाच्या पूर्ण वर्षाच्या कमाईएवढा होतो. तो भरून काढणं कुठल्याही सरकारच्या आवाक्याबाहेरचं आहे.

दुसरी, चलनाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. बँक अडचणीत आली की मध्यवर्ती बँक तिला नोटा पुरवते. पण आइसलँडची मध्यवर्ती बँक क्रोना छापू शकत होती, बँकांची देणी मात्र बहुतांश युरो, पौंड आणि डॉलरमध्ये होती. त्यामुळे प्रत्येक देण्यापुढे दोन गोष्टी लिहा: कोणत्या चलनात आणि किती दिवसांत फेडायचं. अल्पमुदतीची परकी देणी एका बाजूला आणि देशाची परकीय गंगाजळी दुसऱ्या बाजूला ठेवली, की पडझड का टळली नाही हे दिसतं.

तिसरी कसोटी भांडवलाच्या खरेपणाची. बँकांनी आपलेच शेअर विकत घ्यायला लोकांना कर्ज दिलं आणि तारण म्हणून तेच शेअर ठेवून घेतले. संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल एप्रिल 2010 मध्ये आला. त्याच्या हिशोबाप्रमाणे तिन्ही बँकांच्या भांडवलाचा चौथ्याहून अधिक हिस्सा असा पोकळ होता. शिवाय बँका एकमेकींचे रोखे मध्यवर्ती बँकेकडे तारण ठेवून पैसा उचलत. या कागदांना तिकडे ‘प्रेमपत्रं’ असं नाव पडलं. एक बँक पडली तर तारणही पडणार, हे उघड होतं.

पडझडीसाठी वर्षांचा कागद पुरत नाही. 29 सप्टेंबर ते 9 ऑक्टोबर 2008 हे अकरा दिवस वेगळ्या पानावर, दिवसागणिक लिहा. 29 ला सरकारने 60 कोटी युरो देऊन ग्लिटनिरचा 75 टक्के हिस्सा घेण्याची घोषणा केली. परिणाम उलटा झाला: सरकारला एवढी घाई म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, असा अर्थ बाजाराने काढला. तो व्यवहार कधी पुरा झालाच नाही. 6 ऑक्टोबरला मध्यवर्ती बँकेने कौपथिंगला 50 कोटी युरो उसने दिले; बँक तीन दिवसांत कोसळली. 7 ला क्रोनाचा दर युरोला 131 वर बांधण्याचा प्रयत्न झाला, तो एका दिवसातच सोडावा लागला. हे तीन फसलेले उपाय लाल पेन्सिलीने लिहा. तिन्ही फसले ते एकाच कारणाने: पुरेसं परकी चलन हाती नव्हतं.

मग सरकारचे खरे उपाय. इथे क्रमाला नंबर द्या, कारण सगळं यश क्रमात आहे.

पहिलं पाऊल 6 ऑक्टोबरच्या तातडीच्या कायद्याचं. त्याने वित्तीय नियामकाला बँका ताब्यात घेण्याचा अधिकार दिला आणि दिवाळखोरीच्या रांगेत ठेवीदारांना रोखेधारकांच्या पुढे आणलं. देशातल्या ठेवींना पूर्ण हमी असल्याचं सरकारने त्याच दिवशी जाहीर केलं.

दुसरं, बँक चिरणं. प्रत्येक जुन्या बँकेतून नवी बँक काढली. नवीकडे देशातल्या ठेवी आणि देशातली कर्जं गेली. परदेशी देणी आणि परदेशी मालमत्ता जुन्या, बुडीत बँकेत राहिली. त्यामुळे लोकांची कार्डं चालू राहिली, पगार जमा होत राहिले. ‘आइसलँडने बँका बुडू दिल्या’ हे वाक्य सर्रास वाचायला मिळतं, ते अर्धंच खरं आहे. बुडाले ते परदेशी धनको आणि भागधारक. देशांतर्गत बँकिंग एक दिवसही बंद पडलं नाही.

या चिरण्यातला एक तपशील बारकाईने समजून घ्या. कर्जं नव्या बँकेकडे पूर्ण किमतीला गेली नाहीत, मोठी सूट कापून गेली. समजा 100 क्रोनाचं कर्ज 50 ला घेतलं. कर्जदाराकडून 60 वसूल झाले तरी नव्या बँकेला फायदाच. पुढे घरांची कर्जं कमी करायला जागा मिळाली ती याच फरकातून.

तिसरं, चलनाला कुलूप. व्याजदर आधी 12 टक्क्यांवर उतरवला आणि दोनच आठवड्यांत 18 टक्क्यांवर नेला. नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 210 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, आणि महिनाअखेरीस भांडवल देशाबाहेर नेण्यावर बंधनं आली. तात्पुरती म्हणून आणलेली ही बंधनं मार्च 2017 पर्यंत टिकली. बंधनं लावायला एक रात्र पुरते, काढायला वर्षं जातात. खर्चाच्या बाजूला हे नक्की लिहा.

चौथं, खर्चाची कात्री उशिरा लावणं. 2009 मध्ये तूट वाढू दिली, बेकारभत्ता चालू ठेवला. पंतप्रधान योहाना सिगुर्दरदोत्तिर यांच्या सरकारने मोठी काटकसर आणि करवाढ 2010 पासून सुरू केली, आणि करांचा बोजा वरच्या उत्पन्नावर अधिक टाकला.

आता तिसरा रकाना, घरं. बहुतेक लेखांत हाच कोरा राहतो, म्हणून इथे हिशोब स्वतः करा. त्या काळी आइसलँडमध्ये बहुतांश गृहकर्जाचं मुद्दल महागाईला बांधलेलं होतं. 2 कोटी क्रोनाचं कर्ज, वर्षाची महागाई 18 टक्के: हप्ते भरूनही मुद्दल 2 कोटी 36 लाखांच्या आसपास जातं. परकी चलनाशी जोडलेलं कर्ज तर आणखी वाईट. 2008 च्या सुरुवातीला युरो सुमारे 90 क्रोना होता, वर्षअखेर सुमारे 170. तेच 2 कोटींचं कर्ज 3 कोटी 78 लाख झालं. बरीच कर्जं येन आणि स्विस फ्रँकशी जोडलेली होती, त्यांची वाढ याहून जास्त. घराची किंमत मात्र खाली.

यावर तीन उपाय झाले. जून 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रोनातलं कर्ज परकी चलनाच्या दराशी जोडणं बेकायदा ठरवलं. डिसेंबर 2010 मध्ये सरकार, बँका आणि पेन्शन फंड यांच्यात ‘110 टक्क्यां’चा करार झाला: घराच्या किमतीच्या 110 टक्क्यांवरचं कर्ज माफ. घर 2 कोटींचं, कर्ज 2 कोटी 80 लाख, तर मर्यादा 2 कोटी 20 लाख आणि माफी 60 लाखांची. त्यात खोट एवढीच, की कर्ज घराच्या किमतीपेक्षा 10 टक्के जास्तच उरतं, आणि जपून कर्ज घेतलेल्याला काहीच मिळत नाही. तो रोष खरा होता. 2014 मध्ये महागाईला बांधलेल्या कर्जांसाठी प्रत्येक कुटुंबाला 40 लाख क्रोनापर्यंत सवलत आली, ती त्यातूनच. त्याचा पैसा बुडीत बँकांच्या शिल्लक मालमत्तेवर कर लावून काढला.

आइससेव्हला स्वतंत्र कागद द्या. ब्रिटन आणि नेदरलँड्सने आपल्या ठेवीदारांना पैसे देऊन टाकले आणि आइसलँडकडे भरपाई मागितली. जनतेने 2010 आणि 2011 अशा दोन सार्वमतांत परतफेडीचे करार फेटाळले, आणि जानेवारी 2013 मध्ये एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) न्यायालयाने आइसलँडच्या बाजूने निकाल दिला. पण ब्रिटन-नेदरलँड्सला काही मिळालंच नाही असं समजू नका: लँड्सबांकीची जुनी मालमत्ता विकून 2016 पर्यंत त्यांचं देणं फिटलं.

शेवटी सावरण्याचं श्रेय वाटताना हात आखडता ठेवा. घसरलेल्या क्रोनाने मासळी आणि ॲल्युमिनियमची निर्यात किफायतशीर केली. 2010 च्या ज्वालामुखीनंतर देशाचं नाव जगभर झालं, आणि त्या वर्षी पाच लाखांच्या आत असलेले पर्यटक 2016 मध्ये 18 लाखांजवळ गेले. हे सरकारी धोरणाच्या नावावर टाकू नका, वेगळी ओळ करा. तिच्या शेजारी सरकारी कर्जाची ओळ ओढा: पडझडीआधी उत्पन्नाच्या 30 टक्क्यांच्या आत, काही वर्षांतच 90 च्या आसपास.